आधी हात मोजा: रेणूचं चित्र काढायला शिकणाऱ्यांसाठी

कापसाला खताचा दुसरा डोस द्यायची वेळ आली की आमच्याकडे घरोघरी युरियाची गोणी येते. तिच्यावर ‘नत्र ४६ टक्के’ असं छापलेलं असतं. लातूरला अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना मी पहिल्या तासाला अशीच एक रिकामी गोणी वर्गात नेतो आणि विचारतो, हा ४६ आकडा आला कुठून? बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. ही गोणी त्यांनी खांद्यावर वाहिलेली असते, आकडा शंभर वेळा पाहिलेला असतो, तरी उत्तर येत नाही. ते उत्तर एका छोट्या चित्रात आहे, आठ अणूंच्या आणि आठ रेघांच्या. ते चित्र आज तुम्ही स्वतः काढणार आहात.

दहावीपर्यंतचं विज्ञान झालेलं असलं की पुरे. पेन्सिल, खोडरबर आणि कोरे कागद घेऊन बसा. नुसतं वाचून हे येत नाही. मी जिथे ‘काढा’ म्हणेन तिथे थांबून काढा. वहीत अणूंची चिन्हं जगभर चालतात तशी रोमन अक्षरांतच काढायची. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहितो: हायड्रोजनचा एच, कार्बनचा सी, नायट्रोजनचा एन, ऑक्सिजनचा ओ. आणि शेतकरी ज्याला नत्र म्हणतो तोच पुस्तकातला नायट्रोजन, हेही ध्यानात असू द्या. दोन वेगळे पदार्थ समजून बसलेली मुलं मी दरवर्षी पाहतो.

चित्र नेमकं काय सांगतं

रेणुसूत्र म्हणजे किराणा सामानाची यादी. एच-टू-ओ म्हटलं की हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक, एवढंच कळतं. कोण कुणाला जोडलेलं आहे ते यादी सांगत नाही. चित्र ती सोयरीक सांगतं. एखाद्या वाड्यात दहा माणसं राहतात एवढं कळून भागत नाही. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची सून, हे कळलं तरच त्या घरातलं वागणं समजतं. रेणूचंही तसंच आहे.

चित्रात दोनच गोष्टी असतात: अणूंची चिन्हं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक बंध, म्हणजेच दोन अणूंनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी. या रेघेचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. १८५८ मध्ये आर्चिबाल्ड कूपर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अणूंमध्ये रेघा ओढायला सुरुवात केली. कार्बन चार जणांशी जोडला जातो आणि कार्बनला कार्बन जोडून साखळ्या होतात, हे त्याने आणि जर्मनीच्या केकुलेने त्याच वर्षी वेगवेगळं मांडलं. १८६४ मध्ये अलेक्झांडर क्रम ब्राउन चिन्हांभोवती गोल काढून ते रेघांनी जोडू लागला. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये. रेघ म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी, हे गिल्बर्ट लुईसने सांगितलं १९१६ मध्ये. म्हणजे रेघ आधी आली आणि तिचा अर्थ ५८ वर्षांनी कळला. तरीही मधल्या काळात रसायनशास्त्रज्ञ या रेघांवर विसंबून नवी संयुगं बनवत होते, कारण कोण कुणाला जोडलेलं आहे ही माहिती तेवढी पक्की होती.

पहिली पायरी: हात मोजा

पुस्तकातला शब्द संयुजा. वर्गात आम्ही ‘हात’ म्हणतो. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांनाही एकेकच. सुरुवातीला पाठ करायचं ते एवढंच.

कारणही सोपं आहे. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात आणि तिथे ८ झाले की तो स्थिर होतो, म्हणून त्याला चार भागीदाऱ्या हव्यात. नायट्रोजनकडे ५ असतात, त्याला तीन लागतात. ऑक्सिजनकडे ६, त्याला दोन. हायड्रोजनची कक्षा दोनातच भरते, म्हणून एक.

नियम असा: कुणाचा हात रिकामा राहता कामा नये आणि कुणाला जादा हात फुटता कामा नये. पाच हातांचा कार्बन ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. परीक्षेच्या घाईत तर ती हमखास होते. चित्र पूर्ण झालं की प्रत्येक कार्बनवर पेन्सिलचं टोक ठेवून एक, दोन, तीन, चार असं मोजायची सवय लावा. बारावीची मुलंसुद्धा मी असंच मोजायला लावतो.

दुसरी पायरी: सांगाडा आधी, हायड्रोजन शेवटी

जास्त हातांचे अणू मध्ये ठेवा. हायड्रोजनला एकच हात, त्यामुळे तो कधीच दोघांच्या मध्ये येत नाही. तो कायम कडेला. आधी मधल्या अणूंना एकेरी रेघांनी जोडा, मग हायड्रोजन लावा आणि शेवटी उरलेले हात मोजा. समोरासमोरच्या दोन अणूंचा एकेक हात उरला असेल तर त्यांच्यामध्ये आणखी एक रेघ ओढा. दुहेरी बंध असाच तयार होतो.

काढा: पाणी. एच–ओ–एच. झालं. अमोनियात एक नायट्रोजन मध्ये, तीन हायड्रोजन भोवती. मिथेनमध्ये एक कार्बन, चार हायड्रोजन. हे तिन्ही एका मिनिटात होतात, पुढे चला.

कार्बन डायऑक्साइडपाशी जरा थांबा. कार्बन मध्ये, दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, एकेक रेघ. आता मोजा. कार्बनचे दोन हात वापरले गेले, दोन उरले. प्रत्येक ऑक्सिजनचा एक उरला. उरलेले हात मिळवले की ओ=सी=ओ.

हायड्रोजन सायनाइडमध्ये एच, सी, एन एकेकच. एच–सी–एन असं जोडल्यावर कार्बनचे दोन आणि नायट्रोजनचे दोन हात उरतात, म्हणून त्यांच्यात तीन रेघा होतात. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते याच तीन अणूंच्या रेणूमुळे. कोवळ्या धाटात तो एका मोठ्या रेणूत बांधलेला असतो. जनावराने चावल्यावर तो मोठा रेणू फुटतो आणि हा सुटा होतो. आपल्या भागातल्या जाणत्या माणसांना त्याचं चित्र माहीत नसतं, पण पोंग्यावरच्या ज्वारीत जनावर सोडायचं नाही हे पक्कं माहीत असतं.

आता युरिया

यादी: कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. काढायला घ्या आणि पुढचा परिच्छेद हाताने झाकून ठेवा.

मागच्या वर्षी एका मुलीने हे फळ्यावर काढलं. कार्बन मध्ये ठेवला, वर ऑक्सिजन, डावीकडे एक नायट्रोजन, उजवीकडे दुसरा. तीन रेघा ओढल्या. दोन्ही नायट्रोजनला दोन-दोन हायड्रोजन लावले, चारही संपले. मग ती खडू हातात धरून थांबली. “सर, कार्बनचा एक हात उरायलाय.” मी विचारलं, “अन् ऑक्सिजनचा?” तिने बोट ठेवून मोजलं. “त्याचा बी एकच उरायलाय.” पुढे मला काही बोलावं लागलं नाही. तिने कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये दुसरी रेघ ओढली आणि मागे वळून बघितलं. मला वर्गातला हा क्षण सगळ्यात आवडतो, कारण इथून पुढे मूल चित्र पाठ करत नाही, स्वतः तपासतं. मी शाळेत असताना आम्हाला ही चित्रं छापील नकाशासारखी घोकायला लावली होती आणि ती महिन्याभरात विसरून जायची.

आता चित्रावरून आकडा काढू. कार्बनचं वजन १२, ऑक्सिजनचं १६, दोन नायट्रोजनचं मिळून २८, चार हायड्रोजनचं ४. बेरीज ६०. त्यातले २८ नत्राचे. २८ ला ६० ने भागा आणि १०० ने गुणा: ४६.६६, म्हणजे ४६ आणि वर थोडं. गोणीवरचा आकडा तो हाच. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं, बाकीचं वजन कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं.

याच युरियाने रसायनशास्त्राला एक मोठं वळण दिलं. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट तयार करायला घेतलं आणि हाती आला युरिया, जो तोवर फक्त प्राण्यांच्या मूत्रातून मिळत होता. दोन्हींची यादी तंतोतंत तीच: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. फरक फक्त जोडणीत. रेणुसूत्र अपुरं का पडतं ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

अमोनियमचं नाव निघालं आहे तर एक अपवाद इथेच उरकून घेऊ. अमोनियममध्ये नायट्रोजन चार हायड्रोजनना धरतो. तीन हातांच्या माणसाला चौथा हात फुटला तर तो काहीतरी देऊन बसलेला असतो. म्हणून त्याच्यावर अधिक चिन्ह लिहायचं. उलट, ऑक्सिजनला एकच रेघ असेल आणि दुसरा हात रिकामा दिसत असेल, तर बहुतेक वेळा त्याच्यावर वजा चिन्ह असतं. नायट्रेट किंवा डीएपी खतातला अमोनियम काढताना हे लागेल. आणि मिठासारख्या पदार्थाला हे रेघांचं चित्र लावूच नका. तिथे सोडियम आणि क्लोराइड रेघेने जोडलेले नसतात, भार असलेले आयन एकमेकांना चहूबाजूंनी ओढून धरतात.

तिसरी पायरी: एकाच यादीतून किती चित्रं

इथे सावकाश जा. रेणूची चित्रं खऱ्या अर्थाने इथे समजतात.

यादी घ्या: कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक. हात रिकामा न ठेवता हे किती प्रकारे जोडता येईल? पहिला मार्ग असा की दोन कार्बन एकमेकांना आणि टोकाला ऑक्सिजन, सी–सी–ओ. त्या ऑक्सिजनला एक हायड्रोजन. दुसऱ्या मार्गात ऑक्सिजन मध्येच येतो, सी–ओ–सी. दोन्हींत सगळे हात भरतात, तिसरा मार्ग निघत नाही.

पहिलं चित्र इथेनॉलचं. मांजरेकाठच्या साखर कारखान्यांत उसाची मळी आंबवून काढतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात ते हेच. ते ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही द्रवच राहतं. दुसरं डायमिथाइल ईथर, ते उणे २४ अंशांनाच उकळतं, म्हणजे साध्या हवेत वायू. अणू तेच, संख्या तीच, वजन तेच. इथेनॉलमध्ये ओ–एच ही जोडी आहे. तिचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि रेणू एकमेकांना धरून राहतात. ईथरमध्ये सगळे हायड्रोजन कार्बनला लागलेले, म्हणून ती ओढ नाही. एका ऑक्सिजनची जागा बदलली आणि शंभर अंशांहून जास्त फरक पडला. यादी तीच पण जोडणी वेगळी, अशा संयुगांना समघटक म्हणतात.

आता नुसते कार्बन-हायड्रोजन घेऊन पाच कार्बनच्या पेंटेनचे समघटक काढा. मुलं इथे सात-आठ चित्रं काढून आणतात, खरी तीनच असतात. साखळी कागदावर वाकवली, खाली वळवली, उलटी लिहिली, की त्यांना ती नवी वाटते. गोठ्यातली दावण सरळ टाकली काय आणि गुंडाळून ठेवली काय, दावण तीच. चित्र सारखं दिसतं का ते बघू नका, जोडणी सारखी आहे का ते तपासा.

तपासायची माझी पद्धत सांगतो. प्रत्येक कार्बनजवळ, तो किती कार्बनना जोडलेला आहे तो आकडा लिहा. सरळ साखळीत १, २, २, २, १ येतं. एक फांदी असलेल्यात १, १, १, २, ३. मध्ये एक आणि भोवती चार अशा रचनेत १, १, १, १, ४. तुमच्या दोन चित्रांचे आकडे सारखे आले तर बहुधा ते एकच संयुग आहे. सगळ्या आकड्यांची बेरीज तिन्ही वेळा ८ येते, कारण कार्बन-कार्बन रेघा चार आहेत आणि प्रत्येक रेघ दोन टोकांना मोजली जाते. बेरीज चुकली तर चित्र चुकलं.

ही पद्धत सहा कार्बनच्या हेक्सेनला मात्र जरा कमी पडते. पाच कार्बनच्या साखळीवर सहावा कार्बन दुसऱ्या जागी लावा, मग तिसऱ्या जागी लावा. दोन्हींचे आकडे १, १, १, २, २, ३ असेच येतात, पण संयुगं वेगळी आहेत. अशा वेळी तीन शेजारी असलेल्या कार्बनच्या शेजाऱ्यांचे आकडे बघा. पहिल्यात ते १, १, २ आहेत, दुसऱ्यात १, २, २. फरक सापडला. हेक्सेनचे एकूण पाच समघटक निघाले पाहिजेत.

इंग्लंडमधला गणिती आर्थर केली १८७० च्या दशकात हेच मोजत बसला होता. सात कार्बनला ९, आठला १८, दहाला ७५ समघटक निघतात. वीस कार्बनला तर हा आकडा ३ लाख ६६ हजार ३१९ वर जातो. त्याचा मित्र जेम्स सिल्व्हेस्टर याने १८७८ मध्ये अशा ठिपके-रेघांच्या आकृतीला ‘ग्राफ’ हा शब्द वापरला. आज संगणकशास्त्रात रस्त्यांच्या, ओळखीपाळखीच्या जाळ्यांना ग्राफ म्हणतात, तो शब्द रेणूच्या चित्रांवरून गेलेला आहे.

चौथी पायरी: अक्षरं गाळायला शिका

दहा कार्बनच्या रेणूत प्रत्येक सी आणि एच लिहीत बसलं तर कागदही पुरत नाही आणि जोडणीही दिसत नाही. म्हणून नागमोडी रेघ काढतात. तिचं प्रत्येक टोक आणि प्रत्येक वळण म्हणजे एक कार्बन. कार्बनला लागलेले हायड्रोजन लिहायचे नाहीत; चार हातांतून दिसणाऱ्या रेघा वजा केल्या की उरलेले हात हायड्रोजनचे. कार्बन आणि त्याचे हायड्रोजन सोडून बाकी प्रत्येक अणू मात्र अक्षराने लिहायचाच, आणि ऑक्सिजन-नायट्रोजनवरचे हायड्रोजनही लिहायचे.

पेंटेन म्हणजे चार रेघांची नागमोड. इथेनॉल म्हणजे एक छोटी रेघ, तिच्या पुढच्या वळणावरून दुसरी, आणि तिच्या टोकाला ओएच. इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. रेघ ज्या अणूला जोडली आहे त्याच अक्षराला टेकली पाहिजे. ओएच डाव्या टोकाला आला तर तो उलटा, ‘एचओ’ असा लिहा, म्हणजे रेघ ओला टेकेल. ती एचला टेकवली तर त्या हायड्रोजनला दोन हात झाले. उत्तरपत्रिका तपासताना अशा चित्राचा मला अर्धा गुण कापावा लागतो, आणि मनापासून वाईट वाटतं, कारण मुलाला जोडणी कळलेली असते.

बेन्झीन म्हणजे षटकोन. सहा कोपरे, सहा कार्बन, एकाआड एक दुहेरी रेघ. हे केकुलेने १८६५ मध्ये मांडलं. प्रत्येक कोपऱ्याचे तीन हात रेघांत गेले, म्हणून एकेक हायड्रोजन न लिहिता तिथे आहे असं समजायचं. पण हे चित्र एका बाबतीत अपुरं आहे. साधा कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर लांब असतो (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), दुहेरी १३४. बेन्झीनमधले सहाही बंध मात्र सारखे, जवळपास १४० पिकोमीटरचे. दुहेरी रेघा या जागी काढा किंवा त्या जागी, खरा रेणू दोन्ही चित्रांच्या मधला असतो. पुस्तकात याला संस्पंदन म्हणतात. रेणू या रूपातून त्या रूपात सारखी उडी मारतो असं समजू नका. आपल्या रेघांना त्याचं एकच खरं रूप एका चित्रात पकडता येत नाही, एवढंच. म्हणून काही जण षटकोनात गोल काढतात.

हळद वाचून बघा

आता एवढं आलं की एखादा खरा, मोठा रेणू घ्यायचा. मी वसमतच्या हळदीचा घेतो. हळदीला पिवळेपणा देणारा मुख्य रेणू कर्क्युमिन. त्याची यादी: कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ६. यादी बघून धडकी भरते, चित्र बघून भरत नाही.

दोन टोकांना दोन षटकोन काढा, बेन्झीनसारखे. त्यांना जोडणारी सात कार्बनची नागमोड काढा. नागमोडीचे कार्बन एका बाजूने मोजा: पहिला-दुसरा दुहेरी बंधाने जोडलेले, तिसऱ्यावर दुहेरी बंधाने ऑक्सिजन, चौथा मोकळा, पाचव्यावर पुन्हा ऑक्सिजन, सहावा-सातवा दुहेरी बंधाने. शेवटी प्रत्येक षटकोनावर एक ओएच आणि त्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर एक ओ–सीएच३. ओएच नागमोडीच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यावर येतो.

आता मोजा. षटकोनांचे १२ कार्बन, नागमोडीचे ७, दोन ओ–सीएच३ चे २, मिळून २१. ऑक्सिजन नागमोडीवर २, ओएचचे २, ओ–सीएच३ चे २, मिळून ६. हायड्रोजन जरा जपून: प्रत्येक षटकोनावर ३ असे ६, ओएचचे २, ओ–सीएच३ चे ६, दुहेरी बंधांवरच्या चार कार्बनचे ४, मधल्या कार्बनचे २. वीस. यादी जुळली, म्हणजे चित्र बरोबर.

या चित्रातून रंगही वाचता येतो. मधल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो, आणि मग एका षटकोनापासून दुसऱ्यापर्यंत एकेरी-दुहेरी, एकेरी-दुहेरी अशी अखंड ओळ तयार होते. अशी लांब ओळ असलेले रेणू दिसणाऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेतात. हा निळा-जांभळा भाग शोषतो, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो आणि हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, ते ओएचवरचे हायड्रोजन निघून गेल्यामुळे. आजीच्या हातचं कुंकू आणि हे चित्र यांच्यात एका हायड्रोजनचं अंतर आहे, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करतात.

पाचवी पायरी: कागदाच्या बाहेर

आतापर्यंतची चित्रं सपाट होती. रेणू सपाट नसतात. मिथेनमध्ये चार हायड्रोजन चार दिशांना असतात, कोणत्याही दोघांत १०९.५ अंशांचा कोन. पाण्याचा रेणू सरळ नसून १०४.५ अंशांत वाकलेला असतो, कारण ऑक्सिजनवर बंधात न वापरलेल्या इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या असतात आणि त्याही जागा घेतात. त्या ठिपक्यांनी दाखवतात. कागदावर खोली दाखवायला ठळक पाचर म्हणजे ‘माझ्याकडे येणारा बंध’ आणि तुटक रेघांची पाचर म्हणजे ‘कागदाच्या मागे जाणारा’.

हे डोळ्यांना पटायला हातात धरावं लागतं. विकतचे साचे महाग पडतात. आमच्याकडची मुलं लहानपणी कडब्याच्या ताटाची साल सोलून, आतल्या पांढऱ्या भेंडाची बैलगाडी करतात. तेच सामान घ्या. भेंडाचे तुकडे म्हणजे अणू, सालीच्या टोकदार काड्या म्हणजे बंध. कार्बनचे तुकडे कोळशाने काळे करा, ऑक्सिजनचे कुंकवाने लाल, हायड्रोजनचे पांढरेच ठेवा. १८६५ मध्ये आउगुस्ट होफमानने लंडनच्या व्याख्यानात जे गोळ्यांचे साचे दाखवले, त्यातही कार्बन काळा, ऑक्सिजन लाल आणि हायड्रोजन पांढरा होता, आणि तीच पद्धत अजून चालते.

मग चिंचेतलं टार्टारिक आम्ल करा: चार कार्बनची साखळी, दोन्ही टोकांचे कार्बन आम्लाच्या गटाचे (सीओओएच), आणि मधल्या दोन्ही कार्बनवर एकेक ओएच. मधल्या दोन कार्बनपैकी एक धरा: त्याला हायड्रोजन, ओएच, आम्लाचा गट आणि उरलेला अर्धा रेणू, असे चार वेगळे सोबती आहेत. चार वेगळे सोबती असलेला कार्बन दोन प्रकारे रचता येतो, आणि ते दोन प्रकार डाव्या-उजव्या पंजासारखे, आरशात जुळणारे पण एकावर एक न बसणारे असतात. लुई पाश्चरने १८४८ मध्ये याच आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. त्याचं कारण चित्रात मांडायला १८७४ उजाडावं लागलं, जेव्हा व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे हात चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात असं सांगितलं.

संगणकाकडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे चित्राऐवजी जोडण्यांची यादी किंवा एक ओळ देतात. डेव्हिड वेनिंजरने १९८० च्या दशकात बसवलेल्या स्माइल्स पद्धतीत इथेनॉल म्हणजे ‘सीसीओ’ आणि डायमिथाइल ईथर म्हणजे ‘सीओसी’. हायड्रोजन गाळलेले, हात मोजून समजायचे. तुम्ही नागमोडी रेघ वाचायला शिकलात तर हे वेगळं शिकावं लागत नाही. पबकेम या मोफत साठ्यात कोणत्याही संयुगाचं नाव टाकलं की चित्र आणि ही ओळ दोन्ही मिळतात. पण आधी स्वतः काढा, मग तिथे पडताळा.

सरावाला घ्या: व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल (कार्बन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २, दोन्ही ऑक्सिजन एकाच कार्बनवर), मग दह्यातलं लॅक्टिक आम्ल (कार्बन ३, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ३, मधल्या कार्बनवर ओएच, आणि चार वेगळे सोबती असलेला कार्बन ओळखा). ते जमलं की एक पूर्ण संध्याकाळ या यादीला द्या: कार्बन ४, हायड्रोजन १०, ऑक्सिजन १. पाचर सोडा, नुसत्या जोडण्या मोजा. आधी ऑक्सिजन कोणत्याही एकाच कार्बनला लावलेला, हायड्रोजनसकट. मग दोन कार्बनच्या मध्ये. पहिल्या प्रकारची चार आणि दुसऱ्या प्रकारची तीन, अशी सात चित्रं निघाली पाहिजेत. आठवं निघालं तर प्रत्येक कार्बनजवळ शेजाऱ्यांचा आकडा लिहा. दोन चित्रं एकच आहेत.